मूल्यं घरी ठेवून कोर्टात जायचं का?

पत्र

ताई, मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारपासून फोर्टातल्या एका वकिलांच्या ऑफिसात काम. ज्युरिसप्रुडन्सच्या, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला सर म्हणतात, "कायदा काय आहे ते इथे सांगा, कसा असावा ते घरी जाऊन डायरीत लिहा." ऑफिसात साहेब म्हणतात, "कोर्टात मूल्यं चालत नाहीत, पुरावा चालतो." परवा गिरगावातल्या एका चाळीच्या मालकांचं काम आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सत्तरीच्या एक आजी एकट्या राहतात, भाडं अगदी नावाला. मालकांना खोली मुलासाठी हवी, असं दाव्यात लिहायचं आहे. पण तेच मालक माझ्यासमोर साहेबांना सांगत होते की मुलगा ठाण्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. ही खोली मोकळी झाली की शेजारच्या खोलीत मिसळून एका ऑफिसला द्यायची आहे. साहेबांनी मला मसुदा करायला सांगितलं, "नेहमीचा मजकूर टाक." मीही चाळीतच वाढले. झोप लागत नाही. मी शिकते आहे त्या कायद्यात चांगल्या-वाईटाला जागा आहे की नाही? मी हे काम नाकारू का? की आजींना जाऊन आधीच सावध करू?

— एक विद्यार्थिनी, लालबाग

उत्तर

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचे थांबू शकतात, हा नाही. आजींना सावध करायला जाऊ नकोस. फोन नको, ओळखीच्या कुणाकरवी निरोप नको, 'इकडे आले होते म्हणून डोकावले' हेही नको. अशिलानं वकिलाच्या ऑफिसात सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे बंधन वकिलावर जितकं आहे तितकंच त्याच्या कारकुनावर आणि मसुदा लिहिणाऱ्या मुलीवर आहे. त्याला अपवाद आहेत. बेकायदा हेतू पुढे नेण्यासाठी केलेल्या बोलण्याला हे संरक्षण मिळत नाही. पण अपवाद लागू होतो की नाही हे तू एकटीनं ठरवून गिरगावचा जिना चढायचा नसतो.

तुला वाटेल, ताईंनी सुरुवातच नियमानं केली, म्हणजे याही सरांच्याच पक्षातल्या. जरा थांब. उद्या समन्स लागलं की त्या आजीही कुणा वकिलाकडे जातील. तिथे त्या सांगतील की मधल्या काळातल्या भाडेपावत्या सापडत नाहीत, पुतण्या काही वर्षं येऊन राहिला होता, मोरीची भिंत मालकांना न विचारता पाडली होती. हे सगळं त्यांना निर्धास्तपणे सांगता आलं पाहिजे आणि त्या ऑफिसातल्या मुलीच्या पोटात ते राहिलं पाहिजे. अडचणीतल्या माणसाला खरं बोलायला एक तरी जागा असावी, या विचारातून तो नियम आला आहे. कलमाच्या भाषेत तो कोरडा दिसतो, इतकंच. मी पुढे जे लिहिणार आहे ते बरंचसं याच जातीचं आहे. मूल्यं ही कोर्टाच्या दाराबाहेर काढून ठेवायची चप्पल नव्हे. ती आत, कलमांच्या मजकुरात, कुणीतरी ठरवून बसवलेली असतात. कुठे बसवली आहेत, कुणी, कशासाठी, हे ओळखून त्यावर वाद घालणं हे वकिलाचं रोजचं काम आहे.

सरांचं वाक्य मात्र टाकाऊ समजू नकोस. इंग्रज विधिज्ञ जॉन ऑस्टिन 1832 साली तेच सांगून गेला: कायदा आहे की नाही हा एक प्रश्न, तो चांगला की वाईट हा दुसरा. विसाव्या शतकात एच. एल. ए. हार्ट या इंग्रज विधिज्ञानं ते जास्त नेमकं करून मांडलं. मुलं यावरून समजतात की या मंडळींना नीतीशी देणंघेणं नव्हतं. ऑस्टिन ज्याच्या मुशीत तयार झाला तो बेंथम जन्मभर इंग्लंडचे कायदे सुधारायच्या मागे लागलेला माणूस होता. हार्टनं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध उघड भूमिका घेतली. दोन प्रश्न वेगळे ठेवले की वाईट कायद्याकडे बोट दाखवून म्हणता येतं, 'हा कायदा आहे आणि तो वाईट आहे.' दोन्ही कालवले की दोन तऱ्हांची माणसं तयार होतात. एकाला कायदा म्हटलं की तो योग्यच वाटतो. दुसऱ्याला जे पटत नाही तो कायदाच नव्हे असं वाटतं. आपल्या शहरात दोन्ही भरपूर भेटतील, पहिले सोसायटीच्या सभेत आणि दुसरे नो पार्किंगच्या पाटीखाली.

याची खरी कसोटी जर्मनीत लागली. 1944 साली एका बाईनं नवऱ्याचा काटा काढण्यासाठी अधिकाऱ्यांना कळवलं की रजेवर आलेला असताना तो घरात हिटलरबद्दल वाईट बोलला. त्याला देहदंड सुनावला गेला. प्रत्यक्षात फाशी न देता आघाडीवर पाठवलं. युद्ध संपल्यावर त्या बाईवर खटला भरला, तेव्हा तिचं म्हणणं होतं की मी त्या वेळच्या कायद्याप्रमाणेच वागले. गुस्टाव राडब्रुख या जर्मन विधिज्ञानं 1946 सालीच लिहून ठेवलं होतं की कायदा आणि न्याय यांच्यातली विसंगती असह्य टोकाला गेली तर तो कायदा कायदा म्हणून टिकत नाही. हार्टला हे पटलं नाही. बाईला शिक्षा द्यायचीच असेल तर पूर्वलक्षी कायदा करा आणि आपण तसं करतो आहोत हे कबूल करा. जुना कायदा कधी नव्हताच असा आव आणू नका, असं त्याचं म्हणणं. लॉन फुलर या अमेरिकन विधिज्ञानं त्याला 1958 साली हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात उत्तर दिलं. गुपचूप केलेले, मागल्या तारखेनं लागू होणारे, लोकांना पाळता येणारच नाहीत असे हुकूम म्हणजे कायद्याचं सोंग, कारण कायदा म्हणवून घ्यायलाच काही किमान सचोटी लागते, हा त्याचा मुद्दा. परीक्षेत दोघांना सारखे गुण वाटून मोकळी होऊ नकोस. माझं मत विचारशील तर प्रामाणिकपणाच्या बाबतीत हार्ट वरचढ आहे, पण वकिलाला कोर्टात उपयोगी पडतो तो फुलर.

तो उपयोग कसा, हे पाहायला जर्मनीला जायची गरज नाही. आणीबाणीत, 1976 च्या एप्रिलमध्ये, एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतानं ठरवलं की जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारं घटनेचं कलम 21 स्थगित असताना स्थानबद्ध माणसाला हेबिअस कॉर्पस, म्हणजे बेकायदा कोंडलेल्याला कोर्टापुढे हजर करण्याचा आदेश, मागताच येत नाही. नऊ उच्च न्यायालयांनी त्याआधी उलट निकाल दिले होते. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे उभे राहिले. त्यांचं निकालपत्र नीट वाच. 'मला हे पाहवत नाही' असं ते कुठेही म्हणत नाहीत. ते म्हणतात की कलम 21 नसतं तरी कायद्याचा आधार असल्याशिवाय सरकारला कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार नसता. कायद्याचं राज्य म्हणतात ते हेच. त्यांनी मूल्य बाहेरून आणलं नाही. कायदा या गोष्टीच्या पोटातच ते आहे, असं दाखवून दिलं. पुढच्या वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं, आणि 2017 साली खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात तो बहुमताचा निर्णय रद्द ठरला. त्या चारांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता तुझ्या टेबलावरचा कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 16. मालकाला जागा स्वतःसाठी वाजवी आणि प्रामाणिकपणे हवी असेल तर ताबा मागता येतो, ते पोटकलम एकमधलं 'जी'. साहेब ज्याला नेहमीचा मजकूर म्हणतात तो इथला. पण पोटकलम दोन वाचलंस का? गरज सिद्ध झाली तरी तेवढ्यावर हुकूमनामा, म्हणजे ताबा द्यायचा कोर्टाचा आदेश, मिळत नाही. मालकाला किंवा भाडेकरूला दुसरी योग्य जागा उपलब्ध आहे का, हे धरून सगळी परिस्थिती कोर्टानं पाहायची. आणि हुकूमनामा दिल्यानं होणारा त्रास नाकारल्यानं होणाऱ्या त्रासापेक्षा जास्त असेल तर तो द्यायचा नाही. दोघांनाही त्रास न होता जागेचा काही भागच देता येत असेल तर तेवढाच द्यायचा. हे काही कुणा कनवाळू न्यायाधीशाच्या मनात आलेलं नाही. 1947 च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यातही ते होतं आणि विधिमंडळानं ते जाणूनबुजून तसंच ठेवलं.

धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात, जिथे हे भाड्याचे दावे चालतात, माझी बरीच वर्षं गेली. तिथे 'जास्त त्रास कुणाला' यावर साक्षीपुरावा चालतो तेव्हा पाहायला बस. मालकाच्या घरात माणसं किती, लग्न झालेले मुलगे किती, कोण कुठे झोपतं. भाडेकरूचं हॉस्पिटल कुठे, औषध कोण आणून देतं, जिना चढवतो का. भाडेकरूनं दुसरी जागा शोधली का, कुठे, कधी, कुणाला विचारलं; हा प्रश्न हमखास येतो आणि 'शोधलीच नाही' हे उत्तर महागात पडतं. साहेब म्हणतात पुरावा चालतो, मूल्यं चालत नाहीत. तिथे तर मूल्याचाच पुरावा चाललेला असतो! गिरगावात जन्म गेलेल्या बाईला सत्तरीत विरारला जाऊन राहणं किती जड, हे उलटतपासणीत ठोकून पाहिलं जातं. या कलमात एखाद्याची निव्वळ कळकळ टिकत नाही. अमुक परिस्थितीत अमुक माणसाचं काय होईल, हे दाखवावं लागतं.

आणि त्या पोटकलमात मालकही आहे, हे विसरू नकोस. जुन्या कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून ठेवली होती. डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की एके काळी वाजवी असलेली ही तरतूद काळ पुढे गेल्यावर मनमानी ठरली आहे. त्यानंतर 1999 चा कायदा आला, वर्षाला 4 टक्के भाडेवाढ आली, पागडीला मान्यता मिळाली. म्हणजे समता, वाजवीपणा ही मूल्यं घेऊन त्या वेळी मालक कोर्टात गेले होते, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. चाळीच्या भाड्यातून कौलांची डागडुजीही होत नाही असे मालक गिरगाव-दादरला मी पाहिले आहेत. तू लालबागच्या चाळीत वाढलीस, त्यामुळे खोलीच्या आतून दिसतं ते तुला चटकन दिसतं. मलबार हिलवर वाढलेल्या न्यायाधीशाला दुसरं काहीतरी चटकन दिसतं. आपापली मूल्यं पत्ता घेऊन येतात. म्हणूनच 'माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही' एवढ्यावर निकाल सोडू नये आणि मसुदाही सोडू नये, असं मला वाटतं.

या बाबतीत डॉ. आंबेडकर फार स्वच्छ बोलले आहेत. 4 नोव्हेंबर 1948 ला घटनेचा मसुदा मांडताना संवैधानिक नैतिकतेबद्दल, म्हणजे घटनेची चौकट मानून वागण्याच्या वृत्तीबद्दल, त्यांनी सांगितलं की ही भावना माणसाला निसर्गतः मिळत नाही, ती जोपासावी लागते, आणि आपले लोक अजून ती शिकलेले नाहीत. लोक हे वाक्य भाषणात वापरतात आणि ते कशासाठी म्हटलं होतं ते सोडून देतात. घटनेत प्रशासनाचे एवढे तपशील कशाला, अशी टीका होत होती. त्याला हे उत्तर होतं: लोकांच्या नैतिकतेवर विसंबता येत नाही म्हणून तपशील लिहून ठेवायचे. जो माणूस 1935 साली मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचा प्राचार्य झाला, ज्यानं परळच्या चाळीतलं जगणं स्वतः जगलं, त्याचा भरवसा चांगल्या मनांपेक्षा लिहिलेल्या मजकुरावर जास्त होता. पोटकलम दोन हे त्याच विचाराचं एक छोटं भावंड समज.

सरांना एक प्रश्न मात्र जरूर विचार. वर्गात विचारायचा धीर होत नसेल तर तास संपल्यावर विचार. कायदा 'काय आहे' एवढंच सांगायचं म्हटलं, तर रखमाबाईंच्या खटल्यात कायदा काय होता?

तू नाव ऐकलं असशीलच. मुंबईतली मुलगी, अकराव्या वर्षी लग्न झालेली, पण सासरी कधीच न गेलेली. नवरा दादाजी भिकाजी यानं तिला नांदायला पाठवावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. त्यांचे दोन मुद्दे कायद्याचे होते: हा उपायच मुळात इंग्लंडातल्या चर्चच्या कायद्यातून आलेला, हिंदू शास्त्रात त्याला आधार नाही, आणि इंग्लंडातही तो एकत्र राहून मग वेगळ्या झालेल्या जोडप्यांसाठी, कधी नांदलेच नाहीत त्यांच्यासाठी नव्हे. पण त्याबरोबर त्यांनी हेही लिहिलं की नको असलेल्या माणसाकडे एका तरुण मुलीला जबरदस्तीनं धाडणं ही रानटी, क्रूर, किळसवाणी गोष्ट होईल. गदारोळ झाला. परका न्यायाधीश आमच्या धर्मात हात घालतो, अशी ओरड झाली. टिळकही रखमाबाईंच्या विरोधातच लिहीत होते. यातला विनोद असा की ज्याला धर्म म्हणून वाचवायचं चाललं होतं तो उपाय विलायती होता, आणि विलायतेत 1884 सालीच त्यासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकली होती.

अपिलात, 1886 साली, मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी निकाल फिरवला. त्यांची भाषा अगदी तुझ्या सरांसारखी: विधी पार पडला की हिंदू विवाह पूर्ण होतो, पुढचं आम्हाला पाहायचं नाही. 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, सासरी जा नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल. शेवटी 1888 साली दोन हजार रुपयांत तडजोड झाली, आणि पुढे त्या लंडनहून डॉक्टर होऊन आल्या.

दोन्ही निकालपत्रं शेजारी ठेवून वाच. पिन्हींनी आपलं मूल्य उघडपणे पानावर मांडलं, त्यामुळे सगळ्यांना त्यावर तुटून पडता आलं. अपिलाच्या खंडपीठानं मूल्य वापरलं नाही असं वरवर वाटतं. पण मुलीची संमती मोजायची नाही, विधी मोजायचा, ही निवड त्यांनीच केली होती. नियम तर दोन देशांतून गोळा केलेले, तुकड्या-तुकड्यांचे होते. त्यातला कुठला तुकडा कुठवर ओढायचा हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. 'मी फक्त कायदा वाचतोय' असं म्हणणाऱ्याला त्यानं कुठे बोट ठेवून वाचलं हे विचारायचं असतं. म्हणून मला पिन्ही आवडतात. निकाल आपल्याला आज पटतो हे एक कारण झालं, पण मोठं कारण हे की त्यांच्याशी भांडता येतं. आणि जुनं प्रकरण म्हणून सोडून देऊ नकोस. नांदायला पाठवण्याचा तोच उपाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये आजही आहे.

हे वाचून साहेबांसारखी माणसं म्हणतील, मग मूल्यं म्हणजे न्यायाधीशांची मर्जी. तसं नेहमी होत नाही. न्यूयॉर्कमध्ये एका नातवानं आजोबाला विष घालून मारलं आणि मृत्युपत्राप्रमाणे इस्टेट मागितली. मृत्युपत्राच्या कायद्यात खुन्याबद्दल एक अक्षर नव्हतं. 1889 साली कोर्टानं बहुमतानं नाही म्हटलं: स्वतःच्या कुकर्माचा कुणाला फायदा घेता येणार नाही. कायद्यात नियमांबरोबर तत्त्वंही असतात, ही आपली मांडणी रोनाल्ड ड्वॉर्किन या अमेरिकन विधिज्ञानं पुढे या रिग्ज विरुद्ध पामर खटल्यावर उभी केली, ती तुम्हाला पेपरला असते. पण त्याच्या नोट्समध्ये आपलं उदाहरण कुणी देत नाही. मुंबई इलाख्यातून केंचव्वा विरुद्ध गिरिमल्लप्पा हा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या अपील कोर्टापर्यंत गेला आणि 1924 साली ठरलं की न्याय, समन्याय आणि सद्विवेक या तत्त्वांवर खुनी माणसाला बळीचा वारसा मिळू शकत नाही. आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात ते कलम 25 म्हणून छापून आलं. आज ते कलम वाचणाऱ्याला वाटतं, हा तर साधा नियम.

मूल्य मान्य झालं म्हणजे पोट भरलं असं मात्र नाही. जुलै 1981 मध्ये, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांच्या आदेशावरून मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवून लोकांना शहराबाहेर पाठवायला सुरुवात झाली. त्याविरुद्धच्या ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल 10 जुलै 1985 चा. लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, तेच, 1976 चे. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण कमाईचं साधन काढून घेतलं की माणूस जगत नाही, असं त्यांनी त्यात मांडलं. आज देशभर तो निकाल दाखवला जातो. आणि त्याच निकालानं महापालिकेला फुटपाथ मोकळे करायची मुभा दिली. नोटीस द्या, सर्वसाधारणपणे म्हणणं ऐकून घ्या, पावसाळा संपेपर्यंत म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा, 1976 च्या गणतीत ज्यांची नोंद आहे त्यांना दुसरी जागा द्या. बाकीच्यांना हक्क मिळाला, जागा नाही. मला हा निकाल दर वेळी दोन्हीकडून खुपतो. पण नोटीस आणि ऐकून घेणं हे ज्याला क्षुल्लक वाटतं, त्यानं सकाळी सहाला बुलडोझर दाराशी आलेल्या माणसाला विचारावं.

आता तुझं खरं दुखणं. पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की तुला छळणारी गोष्ट मूल्यांची नाहीच. आजींविरुद्ध दावा लावावा की नाही हा मूल्यांचा प्रश्न झाला असता. त्यावर तू एक बोलली असतीस, साहेब दुसरं, आणि मी दोघांनाही ऐकलं असतं. मालकाला दावा लावायचा हक्क आहे, त्याला वकील मिळायचा हक्क आहे, आणि न पटणाऱ्या बाजूचं काम नीट करणं ही या धंद्यातली इज्जतच आहे. पण 'मुलाला राहायला हवी' हे खोटं आहे आणि तुला ते माहीत आहे. खोट्या मजकुराखाली मालक सत्यापनाची, म्हणजे 'हे सगळं खरं आहे' अशी सही करणार. यात ऑस्टिन, हार्ट, फुलर कुणाचाही मतभेद नाही. अशिलाच्या सांगण्यामागे आंधळेपणानं जायचं नाही आणि गैरमार्गाचा आग्रह धरणाऱ्या अशिलाचं काम नाकारायचं, हे बार कौन्सिलच्या नियमांतच लिहिलं आहे. तुला वकिलीची सनद अजून मिळालेली नाही, साहेबांना मिळालेली आहे.

साहेबांकडे सदसद्विवेकाची भाषा घेऊन जाऊ नकोस. ते चष्म्यावरून बघतील आणि चहा मागवतील. कागद घेऊन जा. विचार, "साहेब, मुलाचा ठाण्याचा फ्लॅट समोरच्या वकिलानं काढला तर? सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, लाइट बिल, मतदारयादी सगळं तिथलं निघेल. मुलगा साक्षीला उभा राहिला तर काय सांगेल? आणि पोटकलम दोनवर, दुसरी जागा उपलब्ध आहे का, या प्रश्नाला आपण कसं उत्तर देणार?" शिवाय ताबा घेऊन मालक ठरलेल्या मुदतीत राहायला आला नाही किंवा वर्षाच्या आत जागा दुसऱ्याला दिली, तर मूळ भाडेकरूला ती परत मागता येते, हेही कायद्यातच आहे. ऑफिसला खोली द्यायचा बेत तिथे आपटतो. हे सगळं साहेबांना माहीत असणार. पण कुणीतरी टेबलावर ठेवलं की 'नेहमीचा मजकूर' टाकणं जरा अवघड होतं. आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस, दुसरी वाट सुचव: मालकांनी आजींशी सरळ बोलावं, वाजवी रक्कम किंवा तळमजल्याची, जिना नसलेली पर्यायी खोली द्यावी, सगळं लिहून. गिरगावात अशा तडजोडी रोज होतात.

ते म्हणाले, "तू फक्त टाइप कर," तर एवढंच सांग की हे काम दुसऱ्या कुणाला द्या. आवाज चढवू नकोस, कारण सांगत बसू नकोस, ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींतही बोलू नकोस. बहुतेक साहेब अशा वेळी फाइल उचलून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवतात आणि विषय संपतो. हीच वेळ पुन्हा पुन्हा आली तर ऑफिस बदल. फोर्टात वकिलांना तोटा नाही आणि नीट मसुदा करणाऱ्या मुली मिळत नाहीत.

आजींची काळजी कायद्यानं थोडी केली आहे. स्त्री असल्यामुळे, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून त्यांना फुकट वकील मिळू शकतो, आणि धोबीतलावला जुन्या चाळींचे दावे लढवून केस पिकलेले वकील आहेत. ठाण्याचा फ्लॅट शोधून काढणं त्यांचं काम आहे, तुझं नाही. तू आज रात्री कलम 16 मुळातून वाच, गाइडमधून नको, आणि पोटकलम दोनच्या खाली पेन्सिलीनं लिहून ठेव की या खटल्यात कुठला त्रास कुणी, कुठल्या कागदानं सिद्ध करायचा.